आपल्या पाठीमागे झालेला हुकूमनामा

वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

या वेळी कोकणातून आलेल्या चार पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे : न्यायालयाने आपले म्हणणे न ऐकता निकाल (हुकूमनामा) दिला किंवा दावा पुढे चालवला, आता तो फिरवून घेता येईल का? पहिले पत्र सर्वांत गुंतागुंतीचे आहे, म्हणून त्याच्या उत्तराला जागाही अधिक दिली आहे.

प्रश्न : आमचे मूळ गाव गुहागर तालुक्यात आहे. गावचे घर व त्याला लागून असलेले आंबा-काजूचे आगर माझे वडील आणि चुलते यांचे सामाईक होते. वडील वारल्यावर माझे आणि चिपळूणला दिलेल्या बहिणीचे नाव सात-बारावर लागले. मी नोकरीनिमित्त गेली अनेक वर्षे डोंबिवलीला राहतो आणि गावचे घर गणपतीत व शिमग्याला तेवढे उघडतो. यंदा गणपतीला गेलो तेव्हा शेजाऱ्यांकडून कळले की चुलतभावाने वाटपाचा दावा लावला होता आणि त्याचा निकालही लागला. न्यायालयात चौकशी केली, तर दाव्यात माझा आणि बहिणीचा पत्ता गावच्या घराचाच लिहिलेला, समन्स बजावणाऱ्या बेलिफाचा अहवाल 'घर बंद, समन्स दारास चिकटवले' असा, आणि मार्च महिन्यात एकतर्फी हुकूमनामा झालेला. आमच्या वडिलांचा हिस्सा निम्मा असताना हुकूमनाम्यात चुलतभावाला दोन तृतीयांश मिळाले आहेत. आता मुदत संपली का? अपील करावे की त्याच न्यायालयात अर्ज करावा? दरम्यान सरकारी मोजणीदार येऊन वाटप करून गेले तर काय?

उत्तर : हिस्सा निम्मा की एक तृतीयांश हा आपल्या मनातला मुख्य प्रश्न असला, तरी आज न्यायालयापुढे तो प्रश्न नाही. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागताना न्यायालय एवढेच विचारते की दावा पुकारला गेला तेव्हा आपण का नव्हता. या अर्जाची चार पाने पूर्वजांच्या वंशावळीने भरलेली आणि समन्सविषयी जेमतेम दोन ओळी, असे अर्ज मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि ते नामंजूर झाले याचे मला कधी नवल वाटले नाही. हिश्शाबद्दलची हकीकत एका परिच्छेदात उरकावी आणि बाकीची सारी शक्ती समन्सवर खर्च करावी.

कायद्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ (संहितेतील नियमांच्या प्रकरणाला 'आदेश' म्हणतात), नियम १३ मध्ये आहे. (फौजदारी कायदे २०२४ मध्ये बदलले, त्यामुळे पुष्कळांना वाटते की हेही बदलले असेल, पण दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ चीच आहे.) त्या नियमानुसार प्रतिवादीला हुकूमनामा रद्द करून मागण्याची दोन कारणे आहेत : समन्स रीतसर बजावलेच गेले नाही, किंवा ते बजावले गेले तरी सुनावणीला हजर राहता न येण्यास पुरेसे कारण होते. आपले प्रकरण पहिल्या कारणात बसते, आणि ते दुसऱ्यापेक्षा बळकट असते.

समन्स दारास चिकटवणे ही बजावणीची कायदेशीर रीत आहे, पण ती केव्हाही वापरता येत नाही. आदेश ५, नियम १७ प्रमाणे, बेलिफाने योग्य ते सर्व प्रयत्न करूनही प्रतिवादी सापडला नाही, वाजवी काळात तो घरी सापडण्याची शक्यताही नाही आणि त्याच्या वतीने समन्स घेण्याचा अधिकार असलेले कोणी नाही, अशी स्थिती असेल तरच समन्स चिकटवता येते. आणि तेही ज्या घरात प्रतिवादी सामान्यतः राहतो किंवा जेथे त्याचा कामधंदा आहे तेथेच. 'सामान्यतः राहतो' हे शब्द आपल्यासाठी मोलाचे आहेत. वर्षातून दोनदा उघडणारे गावचे घर हे मालकीचे घर असते, घरपट्टीही आपल्याच नावाने निघते, पण राहते घर डोंबिवलीचे. आपल्या बहिणीच्या बाबतीत तर हे आणखी उघड आहे, कारण लग्नानंतर ती त्या घरात राहिलेलीच नाही.

म्हणून सर्वांत आधी दाव्याचा रोजनामा (न्यायालयातील कामकाजाची तारीखवार नोंद), समन्सची परत आलेली प्रत आणि त्यावरील बेलिफाचा अहवाल, या तिन्हींच्या नकला काढाव्यात. अहवाल सावकाश वाचावा. बेलिफ कोणत्या तारखेला व किती वाजता आला, एकदाच आला की पुन्हा आला, घर कोणी ओळखून दाखवले आणि कोणासमक्ष समन्स चिकटवले, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. घर दाखवणाऱ्याचे नाव व पत्ता नमूद करणे नियमानेच आवश्यक आहे. ते नाव वादीच्या आगरात काम करणाऱ्या गड्याचे निघाले, तर ही गोष्ट अर्जात ठळकपणे मांडावी. बेलिफाने अहवालाला शपथपत्र जोडले नसेल, तर नियम १९ नुसार न्यायालयाने त्याला शपथेवर तपासून मगच समन्स रीतसर बजावले गेले असे जाहीर करायला हवे होते. रोजनाम्यात अशी नोंद नसून नुसता 'समन्स बजावले, प्रतिवादी गैरहजर, एकतर्फा' एवढाच शेरा असेल, तर तो मुद्दाही आपल्या बाजूचा आहे. मात्र बेलिफ आल्याची तारीख नेमकी गणपतीच्या किंवा शिमग्याच्या दिवसांतली निघाली आणि आपण तेव्हा गावी होता, तर हा सारा युक्तिवाद लंगडा पडतो. म्हणून तारीख पाहिल्याशिवाय अर्जाचा एक शब्दही लिहू नये.

काही दाव्यांत याच्या पुढची पायरी घेतलेली असते, म्हणजे नियम २० खाली वर्तमानपत्रात जाहीर समन्स दिलेले असते. त्यासाठी प्रतिवादी बजावणी चुकवतो आहे, किंवा अन्य कारणाने नेहमीच्या रीतीने समन्स बजावता येत नाही, याबद्दल न्यायालयाची खात्री पटावी लागते. आणि ते वर्तमानपत्रही प्रतिवादी शेवटी जेथे प्रत्यक्ष राहत होता त्या भागात खपणारे असावे लागते. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसासाठी फक्त रत्नागिरीत खपणाऱ्या दैनिकात समन्स दिले असेल, तर ते कोणासाठी दिले हे न्यायालयाला विचारण्यासारखे आहे.

वादीला आपला खरा पत्ता माहीत होता हे दाखवता आले, तर अर्जाला मोठीच बळकटी येते. डोंबिवलीचे वीजबिल, शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, कार्यालयाचा दाखला हे जोडावेच. पण त्यांवरून आपण तेथे राहता एवढेच ठरते, चुलतभावाला ते ठाऊक होते हे ठरत नाही. त्यासाठी भाऊबंदांच्या व्यवहारातले कागद शोधावेत. त्यांच्या घरच्या लग्नाची पत्रिका आपल्याला डोंबिवलीच्या पत्त्यावर टपालाने आली असेल, आणि पाकिटावर त्यांच्या हातचा पत्ता व टपालाचा शिक्का असेल, तर ते पाकीट दहा शपथपत्रांहून अधिक बोलते. पत्रिका घरात देवापाशी ठेवतात आणि पाकीट फेकून देतात, ही आपल्याकडची अडचण, तरी शोधावे. बँकेतून त्यांना पाठवलेले पैसे, किंवा याच जागेबद्दल पूर्वी त्यांच्या वकिलाने डोंबिवलीला पाठवलेली नोटीस असेल तर तीही जोडावी.

ही झाली आपली बाजू. चुलतभावाचे वकील नियम १३ मधील एका परंतुकावर (नियमाला जोडलेल्या अटीवर) भर देतील : बजावणीत केवळ अनियमितता होती एवढ्यावरून हुकूमनामा रद्द होत नाही, जर प्रतिवादीला सुनावणीची तारीख माहीत होती आणि हजर राहून उत्तर द्यायला पुरेसा वेळही होता असे न्यायालयाला दिसले. ही तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने आली. गावच्या कोणीतरी दूरध्वनीवर 'तुझ्यावर केस टाकली आहे रे' असे सांगितले होते का, याचे उत्तर आपल्या वकिलांना खरे द्या. दावा लागल्याचे कानावर येणे आणि सुनावणीची तारीख माहीत असणे यांत अंतर आहे, आणि ते प्रामाणिकपणे मांडता येते. पण 'मला काहीच ठाऊक नव्हते' असे शपथेवर लिहून उलटतपासात भ्रमणध्वनीवरचा संदेश समोर आला, तर बाकीचा खरा मजकूरही खोट्यात जमा होतो.

आता मुदतीविषयी. १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ प्रमाणे हा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. समन्स रीतसर बजावले असेल तर हे ३० दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात, आणि बजावले नसेल तर अर्जदाराला हुकूमनामा कळला त्या दिवसापासून. त्याच अनुच्छेदाचे स्पष्टीकरण असे की वर सांगितलेली नियम २० खालची पर्यायी बजावणी ही मुदतीपुरती रीतसर बजावणी मानली जाणार नाही. म्हणजे मार्चमधल्या तारखेने घाबरून जाऊ नये. तरीही शेजाऱ्याने ज्या दिवशी सांगितले त्याच दिवसापासून मोजावे, नक्कल हाती आल्याच्या दिवसापासून नव्हे. नक्कल मिळायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात, तशी सवलत या अर्जाला नाही, आणि येथेच पुष्कळांचे गणित चुकते. ३० दिवस उलटून गेले असतील, तर अर्जासोबतच मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज द्यावा. हुकूमनाम्यापासूनच मुदत मोजायची असे न्यायालयाला वाटले तर आपण उघडे पडू नये, यासाठी मी तर मुदतीत असूनही असा अर्ज सावधगिरी म्हणून जोडावा असेच सांगेन.

अपील की अर्ज, याचे माझे उत्तर अर्ज असे आहे. एकतर्फी हुकूमनाम्याविरुद्ध संहितेच्या कलम ९६(२) प्रमाणे अपीलही चालते, आणि दोन्ही मार्ग एकाच वेळी धरता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले आहे. पण अपिलात न्यायालयापुढे तोच एकतर्फी पुरावा असतो : वादीची साक्ष, तिचा उलटतपास नाही, आणि आपला एकही कागद नाही. शिवाय अपिलाची मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासूनच धावते, तिला 'कळल्यापासून' ही सवलत नाही. सर्वांत मोठा धोका असा की अपील आधी निकाली निघाले, आणि आपण ते स्वतः काढून घेतलेले नसेल, तर नियम १३ चा अर्ज कायमचा बंद होतो. उलट अर्ज प्रामाणिकपणे चालवून तो फेटाळला गेला, तर मग अपील करताना अर्जात गेलेला काळ हे विलंबाचे पुरेसे कारण ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. वाटपाच्या दाव्यात आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होतो, आणि त्याला वेळीच आव्हान दिले नाही तर अंतिम हुकूमनाम्यावरील अपिलात हिश्शाचा वाद काढता येत नाही. म्हणून अर्ज फेटाळला गेला तर अपिलाला एक दिवसही उशीर करू नये. अर्ज फेटाळल्याच्या आदेशावरच आदेश ४३ खाली जिल्हा न्यायालयात वेगळे अपील आहे. त्याच्याही पुढे जायची वेळ आली, तर मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले असून रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांची प्रकरणे आता तेथे चालतात. आपण मुंबईजवळ राहता, त्यामुळे ही सोय आपल्याला उलट आडवळणाची वाटेल.

बहिणीने स्वतः अर्जदार म्हणून सामील व्हावे. वाटपाचा हुकूमनामा एकाच प्रतिवादीपुरता रद्द करून उपयोग नसतो, कारण एकाचा हिस्सा बदलला की सगळ्यांचे बदलतात. अशा वेळी तो सर्वांविरुद्ध रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. पण त्यावर विसंबण्यापेक्षा चिपळूणच्या पत्त्याचे पुरावे जोडून तिने सही करणे सोपे.

अर्ज दाखल केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी आपोआप थांबत नाही. शेतसारा आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, म्हणजे कागद न्यायालयातून महसूल खात्याकडे जातो आणि मग मोजणी, सरस-निरस (जमिनीचा कस पाहून) वाटप व कब्जा असा क्रम लागतो. त्यामुळे स्थगितीचा अर्ज मूळ अर्जाबरोबरच द्यावा, आणि स्थगिती मिळताच तिची प्रत तहसील कार्यालयात व तलाठ्याकडे स्वतः नेऊन द्यावी, पोचही घ्यावी. कब्जा गेलाच, तरी पुढे हुकूमनामा रद्द झाल्यास कलम १४४ खाली पूर्वस्थिती मागता येते. पण मध्ये तोडलेली आंब्याची कलमे त्या कलमाने परत उभी राहत नाहीत, म्हणून स्थगितीचा आग्रह आधीच धरावा.

प्रश्न : देवगडला माझी मासेमारीची बोट आहे. उसने घेतलेल्या रकमेबद्दल माझ्यावर वसुलीचा दावा झाला. समन्स मिळाले, वकीलपत्रही दिले, पण लेखी कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देण्याचे राहिले. सुनावणीच्या दिवशी मी समुद्रात होतो आणि वकीलही हजर नव्हते. एकतर्फी हुकूमनामा झाला. काही रक्कम मी रोखीने फेडलेली आहे. आता काय करावे?

उत्तर : आपल्याला समन्स मिळाले आहे, त्यामुळे ३० दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजावे लागतील आणि 'पुरेसे कारण' सिद्ध करावे लागेल. न्यायालयाने पाहायचे ते सुनावणीच्या त्या दिवसापुरते कारण. त्याआधी केव्हा तारखा चुकवल्या यावरून ते ठरवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये म्हटले आहे. तेव्हा त्या दिवशी बोट बंदराबाहेर असल्याची जी काही नोंद असेल ती, डिझेलची पावती, खलाशांची शपथपत्रे असे त्या एका तारखेचे पुरावे जमवावेत. ती तारीख १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळातली असेल, तर मात्र समुद्राचे नावही काढू नये.

वकिलांच्या गैरहजेरीबद्दल लोकांची समजूत अशी की वकिलाची चूक पक्षकाराच्या माथी मारत नाहीत. १९८१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने तशी सहानुभूती दाखवली खरी, पण हा काही सरसकट नियम नव्हे असे त्याच न्यायालयाने १९९३ मध्ये बजावले आहे. आपण वकिलांशी केव्हा बोललात, तारीख कोणी सांगितली, हे तपशिलाने लिहावे. सगळा ठपका त्यांच्यावर ठेवून मोकळे होऊ नये.

दोन गोष्टी ताबडतोब पाहा. दाव्याचा क्रमांक लघुवादाचा (लहान रकमेच्या दाव्याचा) असेल, तर १८८७ च्या प्रांतिक लघुवाद न्यायालय कायद्याच्या कलम १७ प्रमाणे हुकूमनाम्याची रक्कम अर्जासोबतच जमा करावी लागते, किंवा आधी वेगळा अर्ज देऊन न्यायालय सांगेल तशी हमी द्यावी लागते. ही अट सक्तीची आहे, आणि तिच्यावाचून अर्ज गुणदोषात न जाताच पडतो. नियमित दावा असेल तर अशी सक्ती नाही, तरी रद्द करताना खर्च किंवा काही रक्कम भरण्याची अट घालण्याचा अधिकार न्यायालयाला आहेच. थोडी रक्कम भरण्याची तयारी अर्जातच दाखवणे मला शहाणपणाचे वाटते, विशेषतः कर्ज घेतल्याचे आपल्याला मान्य असताना.

दुसरे म्हणजे लेखी कैफियत. हुकूमनामा रद्द झाला की कैफियत देण्याचा हक्क आपोआप परत मिळतो असे नाही. आधी संधी असूनही ती न दिलेल्या प्रतिवादीला वादीचा उलटतपास घेता येईल, पण कैफियत देता येणार नाही, असे २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे. कैफियत दाखल करून घेण्याचा अर्ज विलंबाच्या कारणांसह वेगळा द्यावा आणि तो मंजूर होईल असे गृहीत धरू नये. रोखीने फेडलेल्या रकमेचा मुद्दा कैफियतीवाचून मांडणे फार अवघड जाईल.

प्रश्न : राजापूर तालुक्यात माझ्या पतीच्या जागेवरील अतिक्रमणाबद्दल मी दावा लावला होता. मी आजारी असल्याने जाऊ शकले नाही, समोरचे लोक मात्र हजर होते, आणि दावा गैरहजेरीत काढून टाकला. मी नवा दावा लावू का?

उत्तर : नाही. प्रतिवादी हजर असताना वादीच्या गैरहजेरीमुळे दावा निघाला, तर त्याच कारणावर नवा दावा लावण्यास आदेश ९, नियम ९ प्रमाणे मनाई आहे. त्याच न्यायालयात दावा पूर्ववत करण्याचा अर्ज ३० दिवसांत करावा, त्याला दवाखान्याचे कागद जोडावेत आणि उशीर झाला असल्यास विलंब माफीही मागावी. स्त्री म्हणून आपल्याला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी न्यायालयाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज देता येतो.

प्रश्न : मी दिघीला राहतो. मुरूडच्या न्यायालयात माझ्यावर हद्दीचा दावा आहे. तारखेच्या दिवशी वादळी हवेमुळे जंगलजेटी (खाडी ओलांडणारी फेरीबोट) बंद होती आणि मी पोचू शकलो नाही. निकाल अजून लागलेला नाही, पण 'दावा एकतर्फा चालवावा' असा आदेश झाला आहे. निकाल लागेपर्यंत थांबावे का?

उत्तर : मुळीच थांबू नये. हुकूमनामा झालेला नसेपर्यंत आदेश ९, नियम ७ खाली साधा अर्ज देऊन तो आदेश रद्द करून घेता येतो, आणि कारण पटले तर आपण त्या दिवशी हजर होता असे समजून दावा पुढे चालतो. कारण पटले नाही, तरी दावा ज्या टप्प्यावर आहे तेथून पुढच्या कामकाजात भाग घेण्याचा आपला हक्क राहतोच. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५५ मध्येच सांगितले आहे. त्या दिवशीच्या हवामान खात्याच्या किंवा बंदराच्या इशाऱ्याची प्रत अर्जाला जोडावी, कारण समोरचे वकील रस्त्याने वळसा घालून का आला नाहीत असे विचारणारच. कैफियत दिली नसेल तर ती लिहून, सही करून त्याच दिवशी बरोबर न्यावी : तिची मूळ मुदत समन्स मिळाल्यापासून ३० दिवस आणि वाढवून ९० दिवस आहे. साध्या दिवाणी दाव्यात त्यानंतरही सबळ कारणाने ती घेतली जाऊ शकते, पण त्यासाठी ती हातात तयार असलेली बरी. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर दाव्याचा सीएनआर हा ओळख क्रमांक घालून पुढची तारीख घरबसल्या पाहता येते. तरी पावसाळ्यातल्या तारखेला आदल्या दिवशीच मुरूडला मुक्कामी जावे.